सरळ उडायचं आणि परत यायचं

नाशिकजवळच्या ओझरच्या पंचक्रोशीत वाढलेल्या माणसाला आकाशातल्या आवाजाची सवय असते. द्राक्षबागेत काम चालू असताना डोक्यावरून मिग हे लढाऊ विमान जायचं. आवाजाच्या दिशेनं मान वर करावी तर विमान तिथं नसायचं, केव्हाच पुढं निघून गेलेलं असायचं. लहानपणी आम्हाला ते सगळे लढाईवरचे पायलट वाटायचे. पुढं कळलं की हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या, म्हणजे एचएएलच्या, कारखान्यातून नवं किंवा दुरुस्त होऊन निघालेलं प्रत्येक विमान हवाई दलाच्या हाती जाण्याआधी कुणीतरी वर नेऊन तपासतं, आणि हे काम करणारी माणसं वेगळी असतात. अंतराळात जाऊन आलेले राकेश शर्मा १९८७ नंतरची काही वर्षं याच ओझरला मुख्य चाचणी वैमानिक होते.

चाचणी वैमानिकांबद्दल वाचता वाचता मी टेहळणी वैमानिकांपर्यंत पोचलो. दोन्ही कामं वरवर पाहता एकमेकांपासून लांबची. एक जण परक्या मुलखावरून फोटो काढून आणतो, दुसरा आपल्याच गावाच्या डोक्यावर आपलंच विमान तपासतो. पण दोघं वर जातात ते एकाच गोष्टीसाठी. त्यांना कुणाला पाडायचं नसतं, कुठं बॉम्ब टाकायचा नसतो. त्यांना माहिती आणायची असते. फिल्म शत्रूच्या हद्दीत पडली, किंवा चाचणीत काय घडलं ते सांगणाराच उरला नाही, तर सगळं उड्डाण वाया गेलं. म्हणून या दोघांसाठी सुखरूप परत येणं हा कामाचाच भाग आहे.

ही दोन्ही कामं एका आयुष्यात केलेलं, जगाला ठाऊक असलेलं नाव म्हणजे फ्रान्सिस गॅरी पॉवर्स. १ मे १९६० ला सोव्हिएत रशियावर पाडल्या गेलेल्या यू-२ या अमेरिकी टेहळणी विमानाचे पायलट. त्यांच्या आयुष्यातला तो एकच दिवस सगळ्यांना माहीत असतो. मला त्यांचे बाकीचे दिवस जास्त शिकवून गेले, म्हणून त्यांचंच बोट धरून हा पेशा समजून घेऊ.

सुईत दोरा एका डोळ्यानं ओवून बघा

पॉवर्स यांचा जन्म १९२९ चा, केंटकीतला. वडील कोळशाच्या खाणीत काम केलेले. १९५० मध्ये पॉवर्स अमेरिकी हवाई दलात गेले आणि एफ-८४ हे लढाऊ जेट उडवू लागले. १९५६ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेनं त्यांना निवडलं. कागदोपत्री हवाई दलाचा राजीनामा द्यायचा, नागरी नोकर म्हणून करार करायचा, आणि घरच्यांनाही खरं काम सांगायचं नाही, अशी अट. नेवाड्याच्या वाळवंटातल्या ग्रूम लेक इथं प्रशिक्षण झालं आणि तिथून त्यांची रवानगी तुर्कस्तानात, अदानाजवळच्या इन्जिर्लिक तळावर झाली. बाहेर सांगायला ती हवामानाचा अभ्यास करणारी तुकडी होती.

आता लढाऊ पायलटचा टेहळणी पायलट होताना काय बदलतं ते बघा. लढाऊ पायलटला पहिल्यापासून शिकवलेलं असतं की शत्रूच्या भागात एका रेषेत, एका उंचीवर, एका वेगानं उडायचं नाही. तसं उडलास तर तोफेवाल्याचं काम तूच सोपं करतोस. टेहळणी पायलटला नेमकं तेच करावं लागतं. एक रेष, एक उंची, एक वेग, आणि पंख क्षितिजाला समांतर. गोळीबार होतोय म्हणून तो हलला तर कॅमेऱ्याची रांग तुटते.

याचं कारण फोटोत आहे. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करा. दोरा सुईच्या पुढं आहे की मागं, तेच कळत नाही. खोली कळायला दोन डोळे लागतात, कारण दोन डोळ्यांना तीच वस्तू किंचित वेगळ्या कोनातून दिसते आणि मेंदू त्या फरकातून अंतर काढतो. विमानाचा कॅमेराही हेच करतो. जमिनीवरची प्रत्येक जागा लागोपाठच्या किमान दोन फोटोंत येईल, अशा बेतानं तो ठरावीक वेळानं फोटो घेत जातो. दोन फोटोंच्या मधल्या काळात विमान पुढं सरकलेलं असतं, म्हणजे दोन डोळ्यांमधलं अंतर आपोआप मिळालं. खाली प्रयोगशाळेत हे दोन फोटो शेजारी ठेवून स्टिरिओस्कोप नावाच्या जोडभिंगातून पाहिले की इमारती, टाक्या, विमानं कागदावरून उभी राहिल्यासारखी दिसतात. धावपट्टीवर रंगवलेलं खोटं विमान मात्र चपटंच राहतं. सावलीच्या लांबीवरून उंची काढतात, रुळांच्या वळणावरून त्या रस्त्यानं किती लांबीचं अवजड सामान जाऊ शकतं ते ताडतात. हे सगळं जमायला दोन फोटोंमधली उंची आणि अंतर सारखं हवं. म्हणजे पुन्हा तेच, सरळ उडायचं.

यू-२ चा मुख्य कॅमेरा पाहिला की हे काम किती बारकाईचं होतं ते कळतं. त्याच्या भिंगाचं नाभीय अंतर ३६ इंच होतं, आणि ६०,००० फुटांवरून जमिनीवरची अडीच फुटांची वस्तू त्यात ओळखता यायची. फिल्मची दोन मोठी रिळं शेजारी बसवलेली असत आणि ती एकमेकांच्या उलट दिशेनं फिरत. दोन्ही एकाच दिशेनं सरकली असती तर फिल्मचं वजन हळूहळू एका टोकाला गेलं असतं आणि विमानाचा तोल बिघडला असता. एवढ्या हलक्या विमानात फिल्मचं सरकणंसुद्धा हिशेबात धरावं लागायचं. मला या एका तपशिलाचं फार कौतुक वाटतं.

दोन दऱ्यांमधली वाट

सरळ उडायचं आणि वाचायचंही, तर उपाय एकच उरतो. इतकं उंच जायचं की खालून काही पोचू नये. लॉकहीड कंपनीचे अभियंते केली जॉन्सन यांनी यू-२ त्यासाठीच आखलं. पंखांचा विस्तार ८० फूट, शरीर सडपातळ, शस्त्र एकही नाही. जवळजवळ एक ग्लायडर, ज्याला जेट इंजिन लावलंय. त्याला उडायची एवढी घाई की १ ऑगस्ट १९५५ ला चाचणी वैमानिक टोनी लव्हीयर ते धावपट्टीवर नुसतं पळवून बघत होते, तर ७० नॉटच्या, म्हणजे तासाला १३० किलोमीटरच्या, आसपास ते आपसूक हवेत उचललं गेलं. उडायचा बेतच नव्हता, आणि खाली वाळलेल्या तलावाची सपाट पांढरी जमीन, त्यामुळे आपण वर आलोय हे समजायलाही थोडा वेळ गेला.

प्रवासी विमान साधारण ३५,००० फुटांवर जातं. यू-२ त्याच्या दुप्पट, ७०,००० फुटांवर, म्हणजे जमिनीपासून एकवीस किलोमीटर. तिथं हवा इतकी विरळ असते की विमान दोन संकटांच्या मधोमध चालतं.

पहिलं संकट हळू जाण्याचं. पंखाला विमान उचलून धरायला पुरेशी हवा लागते. हवा विरळ, म्हणून तेवढाच आधार मिळवायला जास्त वेगानं जावं लागतं. वेग त्याखाली गेला की पंखावरची हवा सुटते आणि विमान कोसळायला लागतं. याला स्टॉल म्हणतात. दुसरं संकट जोरात जाण्याचं. आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून असतो. समुद्रसपाटीला तो सेकंदाला ३४० मीटर, तर वरच्या उणे ५६ अंशांच्या थंडीत २९५ मीटरच्या आसपास. विमान आवाजाच्या वेगाच्या जवळ गेलं की पंखावर धक्क्याच्या लाटा तयार होतात आणि सगळं थरथरायला लागतं. यू-२ चे नाजूक पंख आणि शेपूट ती थरथर सोसण्यासाठी बनवलेले नव्हते.

आता उंची वाढेल तसा किमान वेग वर येतो आणि कमाल मर्यादा खाली येते. घाटाची वाट जशी वर जाताना अरुंद होत जावी आणि शेवटी दोन्ही बाजूंना दरी यावी, तसं. सगळ्यात वर ही वाट दहाएक नॉटची उरायची, कधी त्याहूनही कमी. म्हणजे तासाला वीस किलोमीटरसुद्धा नाही. पायलट लोक या जागेला 'कॉफिन कॉर्नर' म्हणतात. विमान वळवताना बाहेरचा पंख आतल्या पंखापेक्षा जोरात जातो, त्यामुळे एक पंख स्टॉलच्या कडेला आणि दुसरा थरथरीच्या कडेला, असं होऊ शकतं. ऑटोपायलट होता, पण तो बिघडला तर हे तासन् तास हातानं सांभाळायचं.

शरीराचंही ऐका. ६३,००० फुटांच्या वर हवेचा दाब इतका कमी असतो की शरीराच्या उष्णतेलाच पाण्याची वाफ व्हायला लागते. म्हणून अंगाला घट्ट बसणारा प्रेशर सूट. कॉकपिटमधली हवा गेली तर तो सूट फुगून अंग आवळून धरतो. उड्डाणाआधी पायलट दीड-दोन तास शुद्ध ऑक्सिजन घेत बसतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडल्यावर बुडबुडे येतात तसे दाब कमी झाल्यावर रक्तातल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात, ते होऊ नयेत म्हणून नायट्रोजन आधीच बाहेर काढायचा. मग सूटमध्ये घामानं भिजत आठ-नऊ तास. नाक खाजवायचीही सोय नाही. बोलणंही बंद, कारण रेडिओ वापरला तर ठावठिकाणा कळतो.

एक मे

१९५६ ते १९६० या चार वर्षांत यू-२ नं सोव्हिएत भूमीवरून २४ वेळा उड्डाण केलं. आत जायचं आणि वळून माघारी यायचं. चोविसाव्या वेळी पहिल्यांदाच देश आरपार पार करायचं ठरलं. पाकिस्तानात पेशावरहून निघायचं आणि नऊ तासांनी नॉर्वेतल्या बूडो इथं उतरायचं. पायलट पॉवर्स.

हे उड्डाण बऱ्याचदा पुढं ढकललं गेलं होतं. त्या दिवशीही परवानगी येईपर्यंत पॉवर्स सूट घालून, कॉकपिटमध्ये अडकून, उन्हात वाट बघत बसले. परवानगी थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांच्याकडून यायची होती. सीमा ओलांडून बरंच आत गेल्यावर ऑटोपायलट बिघडला, विमानाचं नाक वरखाली व्हायला लागलं. मागं फिरावं की पुढं जावं हे त्यांना एकट्यानं ठरवायचं होतं. त्यांनी विमान हातात घेतलं आणि पुढं निघाले. स्वेर्दलोवस्कजवळ सोव्हिएत एस-७५ क्षेपणास्त्र त्यांच्या मागं फुटलं. नारिंगी प्रकाश सगळीकडे, मग नाक खाली, मग पंख तुटले. उलट्या गरगरणाऱ्या कॉकपिटमध्ये त्यांच्या लक्षात आलं की इजेक्शन सीट वापरली तर समोरच्या कडेला पाय तुटतील. त्यांनी हातानं छत उघडलं, अर्धे बाहेर खेचले गेले, आणि ऑक्सिजनच्या नळीनं त्यांना धरून ठेवलं. कॅमेरा नष्ट करायची बटणं आत राहिली. हात पोचेना. नळी तुटली आणि ते सुटले. त्याच गोंधळात सोव्हिएत क्षेपणास्त्रानं त्यांच्याच एका मिग-१९ ला पाडलं, त्यात सर्गेई सफ्रोनोव हा सोव्हिएत पायलट गेला. त्याचंही नाव या गोष्टीत यायला हवं.

अमेरिकेनं हवामान तपासणारं विमान वाट चुकल्याची बातमी दिली. ७ मे ला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी जाहीर केलं की पायलट जिवंत आहे आणि आमच्या ताब्यात आहे. त्यामुळे महासत्तांची पॅरिसची शिखर परिषद मोडली. मॉस्कोत खटला उभा राहिला तो १७ ऑगस्टला, पॉवर्स यांच्या एकतिसाव्या वाढदिवशी. दहा वर्षांची शिक्षा झाली. १० फेब्रुवारी १९६२ ला बर्लिनच्या कडेला ग्लिनिके पुलावर, रुडॉल्फ आबेल या सोव्हिएत हेराच्या बदल्यात त्यांना सोडलं.

घरी परतल्यावर लोकांनी विचारलं, जिवंत का राहिलास? एका चांदीच्या नाण्यात लपवलेली विषारी सुई त्यांच्याजवळ होती. ती वापरायचा आदेश नव्हता, हवी असल्यास वापरायची होती. सिनेटच्या समितीसमोर मार्च १९६२ मध्ये त्यांनी सगळं सांगितलं आणि समितीनं त्यांच्यात दोष काढला नाही. पण कुजबूज राहिली. ज्या माणसाचं कामच परत येणं आहे, त्याला तू परत का आलास असं विचारणं मला आजही अन्यायाचं वाटतं.

लक्ष्मणरेषा आखणारा

त्याच वर्षी केली जॉन्सन यांनी पॉवर्स यांना लॉकहीडमध्ये चाचणी वैमानिक म्हणून घेतलं. विमान तेच, यू-२. पुढची जवळजवळ आठ वर्षं ते कारखान्यातून दुरुस्त होऊन किंवा नवी यंत्रं बसवून आलेली यू-२ वर नेऊन तपासत राहिले. या वर्षांबद्दल कुणी फारसं बोलत नाही, कारण त्यात बातमी नाही. आणि बातमी नसणं हीच चाचणी वैमानिकाची कमाई.

चाचणी म्हणजे जीव धोक्यात घालून केलेली कसरत, असा समज सिनेमांनी करून दिलाय. खरं काम बरंचसं हिशेबनिसाचं आहे. प्रत्येक विमानाला एक लक्ष्मणरेषा असते: एवढ्या वेगापलीकडे नाही, एवढ्या उंचीवर एवढंच वजन, एवढंच वळण. ती रेषा अभियंते आधी कागदावर काढतात. ती खरी कुठं आहे हे कुणीतरी तिच्याजवळ जाऊन बघावं लागतं. जाताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आज ३०० नॉट, आकडे तपासायचे, मग ३१०. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि काही बिघडलं, तर कशामुळे बिघडलं ते कळणारच नाही.

एक उदाहरण जवळून बघू. वळवाच्या वाऱ्यात गोठ्यावरचा सैल पत्रा फडफडतो. वारा त्याला उचलतो, तो वाकतो, वाकल्यामुळे वारा वेगळा लागतो, तो परत खाली येतो, आणि दर फेरीला फडफड वाढत जाते. विमानाच्या पंखाचं हेच झालं तर त्याला फ्लटर म्हणतात, आणि काही क्षणांत पंख तुटू शकतो. हे तपासायचं कसं? पायलट ठरलेल्या वेगावर विमान अगदी स्थिर करतो आणि स्टिकला, म्हणजे विमान चालवायच्या दांड्याला, एक टिचकी मारतो. पंख थरथरतो. थरथर किती हेलकाव्यांत विरते ते उपकरणं नोंदवतात. तीन हेलकाव्यांत विरली तर ठीक. पुढच्या वेगाला पाच लागले तर रेषा जवळ आलीय. तिथंच थांबायचं, खाली यायचं, अभियंत्यांशी बोलायचं. आणखी एकदा बघू या असं मनात येतं, तेव्हा न बघता उतरणारा पायलट चांगला.

गुडघ्याला बांधलेल्या कार्डावर सगळं लिहिलेलं असतं. उंची, वेग, इतके सेकंद धरून ठेवणं, मग तेलाचा दाब, एक्झॉस्टचं तापमान. प्रत्येक ओळीपुढं रिकामी जागा. आज बरीच मोजमापं रेडिओनं थेट जमिनीवर जातात, पण पायलटचं मत कुठलंही यंत्र पाठवत नाही. 'स्टिक जड वाटली' हे मत अभियंत्याच्या काही कामाचं नाही. किती जड, कुठल्या वेगाला, सुरुवातीलाच की धरून ठेवल्यावर, हे हवं. म्हणूनच १९६९ मध्ये कूपर आणि हार्पर या दोघांनी १ ते १० अशी मोजपट्टी तयार केली. १ म्हणजे उत्तम, १० म्हणजे कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर विमान हाताबाहेर जाणारच. आपल्या हाताला काय जाणवलं याचं एवढं काटेकोर शब्दांकन करायचं, हे या पेशातलं सगळ्यात अवघड कौशल्य असावं असं मला वाटतं.

धोका नसतो असं नाही. यू-२ रडारवर दिसू नये म्हणून तिच्यावर एक लेप लावून बघत होते. ४ एप्रिल १९५७ ला रॉबर्ट सीकर हे चाचणी वैमानिक तसं विमान घेऊन वर गेले. लेपामुळे उष्णता कोंडली, इंजिन विझलं, कॉकपिटचा दाब गेला. सूट फुगला, पण शिरस्त्राणाच्या काचेची पकड सुटली. ते बेशुद्ध झाले, विमान कोसळलं आणि ते गेले. पकड नंतर बदलली गेली. पुढं ज्यांनी तो सूट घातला, त्यांच्या चेहऱ्यासमोरची काच सीकर यांच्यामुळे जास्त भरवशाची होती.

इंजिन विझणं हा यू-२ चा सुरुवातीचा मोठा दोष. विरळ हवेत ते पुन्हा पेटायचं नाही, त्यासाठी ३५,००० फुटांपर्यंत खाली यावं लागायचं. नेवाड्यावर हे घडलं तर फार तर गैरसोय. रशियावर घडलं तर विमान मिगच्या पट्ट्यात आलं. टेहळणी आणि चाचणी यांचा संबंध इथं सगळ्यात स्पष्ट दिसतो: चाचणीत जे सापडलं नाही ते टेहळणीवरच्या माणसाला एकट्याला भोगावं लागतं. पॉवर्स यांनी दुसरी बाजू स्वतः भोगलेली होती. दुरुस्त होऊन आलेल्या विमानाच्या ऑटोपायलटवरून ते नुसती नजर फिरवून पुढं गेले असतील, असं मला तरी वाटत नाही.

आणि यू-२ चं उतरणं. पोटाखाली चाकांच्या दोनच जोड्या, सायकलसारख्या एकामागे एक. सूटमधून आणि लांब नाकावरून धावपट्टी नीट दिसत नाही. म्हणून विमान खाली येताच दुसरा यू-२ पायलट गाडी घेऊन मागं सुसाट धावतो आणि रेडिओवर उंची सांगत जातो. दहा फूट. पाच. तीन. दोन. दोन फुटांवर विमान मुद्दाम स्टॉल करून टेकवायचं, कारण नाहीतर ते उडतच राहतं. वेग कमी झाला की एक पंख जमिनीला टेकतो, माणसं धावत येतात, पंख उचलतात आणि खाली आधाराची चाकं लावतात. एवढ्या आधुनिक विमानाला शेवटी चार माणसांनी पंख धरून उभं करायचं.

आपल्याकडची माणसं

यू-२ ची गोष्ट दूरची वाटेल, पण ती ओडिशापर्यंत आली होती. १९६२ च्या युद्धानंतर चीनच्या बाजूचे फोटो हवे होते, आणि १९६४ मध्ये चारबतियाच्या धावपट्टीवरून अमेरिकी यू-२ उडाली.

आपली स्वतःची टेहळणी मात्र त्याआधीपासून चालू होती. हवाई दलाच्या १०६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनकडे फोटो काढणारी कॅनबेरा विमानं होती. पॉवर्स यांच्या वर्षभर आधी, १० एप्रिल १९५९ ला, यातलं एक कॅनबेरा पाकिस्तानी सेबर विमानानं रावळपिंडीजवळ पाडलं. दोघेही अधिकारी वाचले. त्याच स्क्वाड्रनचे जगमोहन नाथ यांनी १९६२ च्या युद्धाआधी आणि युद्धात अक्साई चिन आणि तिबेटवरून निःशस्त्र उड्डाणं केली, १९६५ मध्ये पाकिस्तानवरून केली, आणि दोन्ही वेळा महावीर चक्र मिळवलं. एकही गोळी न झाडता दोन महावीर चक्रं. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वाचलं होतं.

फोटोंचं मोल किती असतं त्याचा दाखला १९६२ च्याच ऑक्टोबरमधला. १४ तारखेला रिचर्ड हेझर यांनी यू-२ मधून क्यूबावरून काही मिनिटांत ९२८ फोटो काढले आणि सोव्हिएत क्षेपणास्त्रं उघडी पडली. २७ तारखेला त्याच कामावर असताना रुडॉल्फ अँडरसन मारले गेले. त्याआधी, १९५६ च्या पहिल्याच उड्डाणांनी उलटा पुरावा आणला होता. सोव्हिएतांकडे लांब पल्ल्याच्या बॉम्बर विमानांचा मोठा ताफा असल्याची अमेरिकेत भीती होती, आणि फोटोंतल्या तळांवर तेवढी विमानं नव्हतीच. रिकाम्या धावपट्टीचा फोटो तेव्हा फार महाग होता.

चाचणीच्या बाजूला आपल्याकडे सुरंजन दास यांचं नाव घ्यावंच लागतं. १७ जून १९६१ ला त्यांनी एचएफ-२४ मारुत हे भारतात विकसित झालेलं पहिलं लढाऊ जेट पहिल्यांदा उडवलं. १० जानेवारी १९७० ला बंगळुरूमध्ये मारुतचाच सुधारित नमुना घेऊन उड्डाण करताना ते गेले. तिथं त्यांच्या नावाचा रस्ता आहे, रोज हजारो गाड्या त्यावरून जातात. १९७३ मध्ये बंगळुरूला आपली स्वतःची चाचणी वैमानिकांची शाळा सुरू झाली. तिथं अनुभवी पायलटांनाच घेतात, आणि त्यांना नव्यानं विद्यार्थी केलं जातं. दिवसा वेगवेगळी विमानं उडवायची, रात्री गणित करायचं आणि अहवाल लिहायचे. जोडीला फ्लाइट टेस्ट इंजिनिअर शिकत असतात, कारण हे काम जोडीचं आहे. ४ जानेवारी २००१ ला राजीव कोठियाल यांनी तेजस पहिल्यांदा हवेत नेलं तेव्हा उड्डाण अठराच मिनिटांचं होतं. तेवढंच ठरलेलं होतं, तेवढंच केलं.

पॉवर्स यांची लॉकहीडमधली नोकरी १९७० मध्ये संपली. पुढं ते लॉस एंजेलिसच्या एका वाहिनीसाठी हेलिकॉप्टर उडवू लागले. पुन्हा वरून दृश्यं टिपून खाली आणणं, या वेळी वणव्यांची आणि रस्त्यांची. १ ऑगस्ट १९७७ ला इंधन संपून हेलिकॉप्टर कोसळलं, ते आणि त्यांचे कॅमेरामन दोघेही गेले. सरकारनं त्यांना सिल्व्हर स्टार हे शौर्यपदक दिलं ते २०१२ मध्ये, कुटुंबीयांच्या हाती.

ओझरहून १७ ऑक्टोबर २०२५ ला तिथं बनलेलं पहिलं तेजस मार्क-१ए उडालं. सोहळा झाला, फोटो सगळीकडे आले. माझं लक्ष मात्र त्यानंतरच्या दिवसांकडे असतं. इथल्या एखाद्या बागेत उभं राहून वर बघितलंत आणि एक विमान एकाच उंचीवर, एकाच रेषेत गेलं, वळलं, आणि पुन्हा त्याच रेषेवरून परत आलं असं दिसलं, तर थोडा वेळ थांबा. आत कुणीतरी गुडघ्यावरच्या कार्डाची पुढची ओळ भरतोय.